टीव्हीतली मेंढरं

ह्यांनी पुण्याहून ते मशीन आणलं तेव्हा मी उंबऱ्यात बसून फुटके टोमॅटो निवडत होते. हे म्हणजे माझे मालक. ते टोमॅटोचा टेम्पो चालवायचे, आणि येताना रिकाम्या क्रेटमधून घरासाठी काहीबाही आणायचे. त्या दिवशी एक लांबट खोकं होतं. खोक्यात कीबोर्ड, दोन रिमोट आणि दोन कॅसेटी. कीबोर्ड टीव्हीला जोडायचा, त्यात कॅसेट खोचायची आणि खेळायचं. आणलं होतं शैलासाठी. शैला माझी नणंद, तेव्हा आठवीत, वारूळवाडीहून नारायणगावच्या शाळेत चालत जायची. "आता सगळीकडं कॉम्प्युटर येणार हाय, हिला शिकू दे," असं हे आत्यांना म्हणाले. आत्या म्हणजे माझी सासू. त्यांनी खोकं दुरूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "टीव्हीला कशाला नसती ब्याद लावतोस? फुटला म्हंजे बस बोंबलत." मी टोमॅटो निवडत राहिले. तेव्हा मी कशावरच काही बोलत नव्हते.

लोक आपलं लहानपण लिहितात. माझ्या लहानपणात लिहिण्यासारखं फार नाही. लोणीकडचं माहेर, मेंढरांमागं चालणं, चौथीला शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न. मला अक्कल आली ती सासरी, विशी ओलांडल्यावर, म्हणून तेच माझं वाढीचं वय असं मी धरते. शैला म्हणते, ते सगळं लिही. शैलाच माझं शुद्धलेखन सुधारते, तेव्हा तिचं ऐकावं लागतं. पण ह्या प्रकरणात लिहायचं आहे ते सांगताना मला अजूनही मान वर करावीशी वाटत नाही.

घर हायवेपासून फार लांब नव्हतं. दिवसभर ट्रकचे हॉर्न, जीपवाल्यांचं "नारायणगाव, नारायणगाव" असं ओरडणं, आणि पत्र्यावर चिंचेच्या फांदीचं घासणं. दोन खोल्या आणि पुढं पडवी. सासरे, म्हणजे आप्पा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे ते जेठात परत यायचे. तोवर घरात आम्ही तिघी, आणि हे आले तर आले. सकाळी बाजरीची भाकरी आणि कोरड्यास, रात्री हुलग्याचं माडगं नाहीतर पिठलं. मला मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं होत आली होती, आणि गावात प्रत्येकीला तेवढं एकच माझ्याविषयी ठाऊक असायचं. पुढं मला मुलगा झाला, उशिरा, पण ते पुढचं.

पहिल्या कॅसेटीत खेळ होते. माणूस उड्या मारायचा, बंदूक चालवायचा. ते शैला आणि आळीतल्या मुली खेळायच्या. दुसरी कॅसेट घातली की निळा पडदा यायचा आणि एका कोपऱ्यात पांढरा ठिपका लुकलुकत राहायचा. मुलींना वाटलं कॅसेट खराब निघाली. पण खोक्यात एक पातळ पुस्तक होतं, सगळं इंग्रजी, आणि शैला हट्टी होती. एका दुपारी ती पुस्तकात बघून एकेक अक्षर दाबत बसली. मी आतल्या खोलीत भाकऱ्या थापत होते. तिनं हाक मारली म्हणून डोकावले, तर पडद्यावर एक गोल, भाकरीएवढा नाही पण बाजरीच्या दाण्याहून मोठा, डावीकडून उजवीकडं चालला होता. "वैनी, ह्याला मी चालवतेय," शैला म्हणाली. "रिमोटनं?" "न्हाई गं. लिहून. ह्या ओळी हायत ना, दहा, वीस, तीस, त्या तो एकेक करून ऐकतो. सांगितलं तेवढंच करतो."

माझे हात पिठाचे होते, ते तसेच राहिले. सांगितलं तेवढंच करतो. त्या घरात माझं ऐकणारं तोवर काहीच नव्हतं, कोंबडीसुद्धा नाही.

मला इंग्रजी येत नव्हतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि मी चौथीतच घरी बसलेली. त्यामुळं मी अक्षरं वाचली नाहीत, चित्रासारखी ओळखली. एक उभा खांब आणि त्याला वर पोट, एक दात पडलेला कंगवा, एक नुसतं कडं. शैला मला शिकवायची. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान पोर मला टोचून बोलायची, "वैनी, ते शून्य न्हाई, ते ओ हाय! किती येळा सांगायचं? मधी जागा सोड. बघ, तो पुन्यांदा चूक म्हणाला." मी पदर कमरेला खोचून पाटावर बसायची आणि दार ओढून घ्यायची. दार ओढायचं कारण गोदाबाई. गोदाबाई शेजारीण. एकदा ती मिरच्या मागायला आली, मला टीव्हीपुढं खेळणं मांडीवर घेऊन बसलेली पाहिलं आणि आत्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरंय गं बाई. पोर न्हाई तर खेळणं तरी आणलं." आत्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मिरच्या दिल्या. त्यानंतर मी दार ओढल्याशिवाय कधी बसले नाही. पण बसायची सोडली नाही. ह्याची मला जास्त लाज वाटायची, की एवढं ऐकूनही आपण पुन्हा त्या पाटावर जाऊन बसतो.

खेळ करायचं माझ्याच डोक्यात आलं. मला बंदूक नको होती. मला मेंढरं माहीत होती. मेंढराला ओ अक्षर, गोल. मेंढरं ज्या जाळीत रात्री कोंडतात तिला आम्ही वाघर म्हणतो. कीबोर्डवर एक खूण होती, दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या, अगदी जाळीचं एक भोक असावं तशी. त्या खुणांची वर-खाली रांग लावली की वाघर झाली. तिला एक मोकळी फट. मेंढरू डावीकडून कुठूनही यायचं, आणि आपण रिमोटनं ती फट वर-खाली करून त्याच्यासमोर धरायची. आत आलं तर टिंग वाजायचं आणि ते आत दिसत राहायचं. जाळीला धडकलं तर गेलं. सांगायला सोपं वाटतं. आम्हाला ते जमायला उन्हाळा गेला. त्या मशीनला काही जपून ठेवता येत नव्हतं. लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, आणि लाईट रोज जायची. मग पुन्हा दहापासून सुरुवात. शैला वहीत ओळी लिहून ठेवायची, मी त्या दाबायची. हळूहळू मला त्या पाठ झाल्या, अर्थासकट नाही, पण ओव्या पाठ होतात तशा. आज माझा मुलगा मोबाईलवर बोटानं चित्रं सरकवून असलं काहीतरी करतो आणि म्हणतो, आई, किती सोपं आहे. असेल.

शैला म्हणाली, खेळ संपायला पाहिजे. संपला नाही तर जिंकलं कोण ते कसं कळणार? म्हणून वर कोपऱ्यात आकडा ठेवला. मेंढरू आत आलं की आकडा एकानं वाढायचा, आणि ठरलेला आकडा झाला की वाघर बंद, मोठी टिंगटिंग, आणि मधोमध तोच आकडा. ठरलेला आकडा कोणता घ्यायचा, हे माझ्यावर होतं. तिथं मी माती खाल्ली.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवायचं काही नव्हतंच. चूल पुजावी, सांज झाल्यावर केर काढू नये, तसंच ते. किती आहेत असं कोणी विचारत नाही, आणि नवख्या माणसानं विचारलंच तर "हायत बरी" एवढंच सांगायचं. मोजलं की दृष्ट लागते. माझा बाप ढोरडॉक्टरलासुद्धा आकडा सांगायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण आप्पा जेठात परत आले, मेंढरं आमच्या मागच्या शेतात खतासाठी बसवली, आणि माझ्या मनात आलं की आप्पांना त्यांचीच मेंढरं टीव्हीत दाखवावीत. घरात माझ्याशी नीट बोलायचे ते एकटे आप्पा. "पोरी" म्हणायचे. मूल नाही म्हणून त्यांनी कधी शब्द काढला नाही. त्यांना खूश करावं एवढंच होतं. सांजच्याला मेंढरं वाघरीत शिरत होती, तेव्हा मी पाण्याची कळशी घेऊन बाजूला उभी राहिले आणि पदराखाली बोटं दुमडत गेले. तोंडानं मोजलं नाही, मनात मोजलं, तेव्हा ते मोजणं नाही, अशी मी माझी समजूत घातली. तो आकडा मी इथं लिहिणार नाही.

दोन दिवसांनी लोणीहून पावणे आले. आप्पांचे चुलतभाऊ धोंडिबा आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं. बकरं कापलं होतं. आत्यांनी मसाला वाटला, मी भाकऱ्या केल्या, पुरुष पडवीत जेवले. जेवणं झाली तेव्हा दिवस बुडत होता. शैलाला दम निघेना. ती मध्येच म्हणाली, "आप्पा, उठू नका. वैनीनं मेंढरांचा खेळ केलाय, टीव्हीवर."

"वैनीनं?" आप्पा म्हणाले.

"आयला," धोंडिबा म्हणाले, "दिवसभर मेंढरं, आन जेवल्यावर बी मेंढरंच व्हय? लाव बघू, लाव."

टीव्ही दाराच्या तोंडाशी आणला. मी डोक्यावरून पदर घेऊन पाटाच्या मागं बसले. ओळी मी दुपारीच दाबून ठेवल्या होत्या, आणि देवाची कृपा म्हणा की अवकृपा, लाईट गेली नव्हती. शैलानं रिमोट घेतला. पहिलं मेंढरू आलं, आत गेलं, टिंग वाजलं. पुरुष हसले. दुसरं, तिसरं. एक जाळीला धडकलं तर धोंडिबा ओरडले, "आगं घालवलंस! वर घे, वर घे की!" आप्पा पुढं सरकले. गुडघ्यावर हात ठेवून लहान मुलासारखे बघत होते. "पोरी, तू केलंस हे?" त्यांनी मागं वळून विचारलं. मी मान हलवली. एवढं सुख मला त्या घरात तोवर झालं नव्हतं, हे लिहून ठेवते.

मग खेळ संपला. टिंगटिंग वाजलं, वाघर बंद झाली, मधोमध आकडा आला. शैला उडी मारून म्हणाली, "बघा आप्पा, सगळी आली! ही आपलीच हायत. आपल्या वाघरीत जेवढी हायत तेवढीच वैनीनं घातलीत, एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई!"

टीव्हीचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर होता आणि त्यात तो आकडा. धोंडिबांनी तो वाचला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. मग म्हणाले, "बरीच हायत की राव. आमाला तर जेमतेम म्हणत व्हता."

"कुणी मोजली?" आप्पांनी विचारलं.

शैलानं माझ्याकडं पाहिलं. तिला अजून कळलं नव्हतं. ती शाळेत वाढलेली, मेंढरांमागं नाही. मला मात्र कळलं होतं, आकडा आला त्याच क्षणी.

"मी," मी म्हणाले.

"कवा?"

"परवा. सांजच्याला. आत जाताना."

"तोंडानं?"

"मनात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मेंढक्याची लेक ना गं तू?" म्हणाले, उठले, खांद्यावर घोंगडी टाकली आणि मागं मेंढरांकडं निघून गेले. पावणे उगाच घसा साफ करत बसले. आत्यांनी पुढं होऊन टीव्हीची पिन ओढली. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेला.

त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी घ्यायचे, पण शैलाच्या हातून. मी चहा नेला तर म्हणायचे, "ठेव तितं," आणि तो तिथंच निवायचा. त्या आठवड्यात एक कोकरू मेलं. कोकरं मरतात, ह्याच्याआधीही मेली होती आणि पुढंही मेली. मी दृष्ट मानणाऱ्यातली नाही आणि तेव्हाही नव्हते. पण आत्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि गोदाबाईला भिंतीपलीकडून पुरेसं कळलं. "मशीनवर मोजली म्हणं," असं नळावर ऐकू आलं. मी घागर भरली आणि घरी आले. मला उत्तर देता आलं असतं की मोजल्यानं कोकरू मरत नाही. पण माझी लाज कोकराची नव्हती. माझ्या सासऱ्याचं झाकलेलं त्याच्याच भाऊबंदांपुढं मी उघडं केलं होतं, आणि शाबासकी मिळेल म्हणून वाट बघत बसले होते. ज्या गोष्टी न शिकवता कळतात त्या आपल्याला शिकवूनही कळल्या नसत्या, असं मला वाटायला लागलं.

एका दुपारी आत्या मंचरला कोणाच्या तरी बारशाला गेल्या. शैला शाळेत. मी पेटी उघडली. खेळायचं म्हणून नाही. त्या पडद्यावर मी शेवटचं जे उमटवलं ते तो आकडा होता, आणि तो तिथं तसाच आहे असं मला वाटत राहायचं. तो पुसलेला आहे, पिन काढली तेव्हाच गेला, हे कळत होतं. तरी वाटायचं. म्हणून मी बसले आणि दहापासून ओळी दाबत गेले. जिथं जिथं आकड्याची ओळ आली तिथं ती सोडली. कोपऱ्यातला आकडा सोडला, वाढवायची ओळ सोडली, मधोमध दाखवायची सोडली. एकटीनं केलेलं ते पहिलंच काम. मग सुरू केलं.

मेंढरू आलं. आत घेतलं. टिंग. कोपरा रिकामा. मला हायसं वाटलं. दुसरं आलं, तिसरं आलं. आत ती कुठंही उभी राहायची, एकमेकांच्या अंगावर, खऱ्या वाघरीत राहतात तशी. मी खेळत राहिले आणि मेंढरं येत राहिली. वाघर भरली तरी येत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खेळ थांबायचा तो आकड्यामुळं. आकडा काढला तसं त्याला थांबायचं सांगणारं काही उरलंच नाही. मी साफ चुकवून ठेवलं होतं. थांबवायची एक कळ होती, ती शैला दाबायची, मला ती कोणती ते आठवेना. मी एकेक दाबून बघत होते, आणि मागं दारात उजेड अडला.

आप्पा होते. मेंढराच्या खुराला लावायच्या औषधाची बाटली टीव्हीवरच्या कोनाड्यात असायची, ती न्यायला आले होते. मी उठून भिंतीला लागले. पदर सावरायला हात उचलला तर हातात रिमोट.

"आकडा काढलाय, आप्पा," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी बाटली घेतली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, मग दुसऱ्या कोपऱ्यात. मेंढरं येत होती, जाळीला धडकत होती, पुन्हा येत होती.

"फट कोण धरणार?" ते म्हणाले.

मी फट धरली. टिंग. टिंग. ते तिथंच उकिडवे बसले. बराच वेळ झाला. वाघरीत बोट शिरायला जागा उरली नव्हती.

"अजून हायत?"

"हायत."

"सरत न्हाईत?"

तेव्हा सांगायला हवं होतं की हे चुकलंय, थांबवता येत नाही म्हणून चाललंय. माझे कान तापले होते. "न्हाई," मी म्हणाले.

"येऊ दे," आप्पा म्हणाले. "येऊ दे. तसंच ठेव." आणि हात पुढं केला. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा त्या बारक्या बटणावर मावेना, पण बसले दाबत. "च्या टाक, पोरी," म्हणाले.

मी आतल्या खोलीत चुलीपुढं बसले. शैला तेवढ्यात शाळेतून आली. दप्तर अजून पाठीवर, तिनं टीव्हीकडं एकदा पाहिलं आणि सरळ माझ्याकडं आली. "वैनी, हे चुकलंय. थांबतच न्हाई ते. त्यांना सांगू का?"

"गप," मी म्हणाले.

"पण वैनी..."

"गप म्हणलं ना."

चहाला उकळी आली. बाहेरून आप्पांचा आवाज येत होता, सांजच्याला वाघरीपाशी उभे राहून काढायचे तोच, हलका, जिभेवरचा, "ये, ये, ये," आणि प्रत्येक वेळी एक टिंग. मी चहा गाळला, कप बाहेर नेऊन त्यांच्याजवळ ठेवला, त्यांनी न बघता उचलला आणि प्यायला, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही.